जुन्या ऑफिसच्या मशीनांना एसएसडी: वेग किती, खर्च किती

प्रश्न थोडक्यात असा. कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, तीन डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. दोन डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय५ चे, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. तिसरा आठव्या पिढीचा आय५, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. लॅपटॉप २०१७ चा, आय३-६००६यू, ४ जीबी रॅम, त्यालाही १ टीबी हार्ड डिस्क. सगळीकडे विंडोज १०. काम म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटी आणि आयकराचे रिटर्न, स्कॅन केलेले कागद. टॅलीचा डेटा एका जुन्या डेस्कटॉपवर आहे, बाकीचे नेटवर्कवरून त्यावर काम करतात. सकाळी बटण दाबल्यापासून मशीन हाताशी यायला पाच मिनिटं लागतात, एक्सेलची फाइल उघडताना खिडकी पांढरी पडते. एक दुकानदार म्हणतो चारही मशीनं बदला. दुसरा म्हणतो सेकंदाला ७००० एमबीवाला जेन४ एनव्हीएमई एसएसडी सगळ्यांत टाका. (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारा, चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह; एनव्हीएमई हा त्याचा जास्त वेगवान प्रकार, आणि जेन४ ही त्याची एक पिढी.) कोणाचं ऐकावं?

दोन्ही सल्ल्यांत तुमचे पैसे गरजेपेक्षा जास्त जातात. चारही मशीनं आजच बदलायची गरज नाही, आणि ७००० चा ड्राइव्ह तुमच्या जुन्या बोर्डांवर धड चालणारही नाही. साध्या साटा एसएसडीने, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडावर बसणाऱ्या एसएसडीने, बहुतेक दुखणं जाईल. त्यापुढचे पैसे आणखी वेगवान एसएसडीत न घालता लॅपटॉपच्या रॅममध्ये, नेटवर्कच्या स्विचमध्ये आणि बॅकअपमध्ये घाला. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण दुकानाच्या काउंटरवर समोरचा माणूस आकडे फेकतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी बाराएक मिलिसेकंद. एका वाचनामागे सतरा-अठरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम साठ वाचनं होतात. डेस्कटॉपची ७२०० फेऱ्यांची डिस्क ऐंशी-शंभरपर्यंत जाते. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस जागा होताना, एक्सेल उघडताना हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून उचलावे लागतात. सेकंदाला साठ-शंभरच्या चालीने हजारो वाचनं करायची तर मिनिटं जाणारच. प्रोसेसर तोवर नुसता बसून असतो.

साटा एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तेच एक बारीक वाचन तो मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात करतो, म्हणजे एका वेळी एक मागितलं तरी सेकंदाला आठ-दहा हजार. चांगला एनव्हीएमई याच कामात बारा ते वीस हजारांपर्यंत जातो. आता दोन उड्या शेजारी ठेवून बघा. हार्ड डिस्क ते साटा एसएसडी: शंभरपट. साटा एसएसडी ते एनव्हीएमई: दीडपट ते दुप्पट. खोक्यावर मात्र हार्ड डिस्कला १५०, साटाला ५५० आणि जेन४ ला ७००० असे आकडे दिसतात, आणि खरी झेप शेवटच्या पायरीवर आहे असं वाटतं. खोक्यावरचा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. ऑफिसात दिवसभरात असं काम किती वेळा होतं? जवळपास नाहीच. आणि एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागला की विसावा, हे बोटांना कळत नाही. तिथपर्यंत आलं की प्रोसेसर, रॅम आणि नेटवर्क यांची वाट पाहणं सुरू होतं.

तुमच्या एच८१ बोर्डांवर तर ७००० चा प्रश्नच येत नाही. या बोर्डावर एनव्हीएमईसाठी एम.२ ची खाच सहसा नसते. कार्ड लावून ग्राफिक्सच्या खाचेत बसवला तरी एच८१ वर ती खाच पीसीआयई २.० ची, म्हणजे कार्डांच्या जोडाच्या जुन्या पिढीची आहे, चार लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) कागदोपत्री २००० एमबी. त्या काळच्या बायॉसला (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. म्हणजे महागडा ड्राइव्ह डेटा ठेवायला आणि विंडोज जुन्याच हार्ड डिस्कवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! एच३१० वर काही बोर्डांना एम.२ खाच असते, पण तो चिपसेटही पीसीआयई २.० च देतो. कुठे दोन लेन, कुठे चार. तिथे जेन४ चा ड्राइव्ह हजार ते दोन हजारांच्या आतच राहील. चालेल, बिघडणार काही नाही, पण तुम्ही मोजलेल्या किमतीतला मोठा भाग वापरात येणार नाही.

एच८१ वर चार साटा जोड असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. बोर्डावर जोडाशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, नाहीतर मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल उघडा. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. एसएसडी ६ वाल्या जोडावर लावा. चुकून ३ वर लागला तर सलग वेग ५५० वरून २७०-२८० वर येईल, तरी रोजच्या कामात फरक ओळखू येणार नाही.

आता खरेदीच्या आधीची तपासणी. दुखणं डिस्कचंच आहे ना, याची खात्री करा. सकाळी मशीन रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क निवडा. तिथे वापराची टक्केवारी १०० ला टेकलेली दिसेल, पण माझी नजर आधी खालच्या सरासरी रिस्पॉन्स टाइमवर जाते. हार्ड डिस्क निवांत असताना तो दहा-वीस मिलिसेकंद असतो. तो पाचशे, हजार, दोन हजार दाखवत असेल आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग एक-दोन एमबीच असेल, तर निदान पक्कं. मग मेमरीच्या पानावर कमिटेड हा आकडा, म्हणजे चालू प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी, बघा. लॅपटॉपवर तो बहुधा चार जीबीच्या पुढे गेलेला असेल. याचा अर्थ रॅम पुरत नाही आणि विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकतंय, दुष्काळात तेरावा महिना. डिस्कचा वापर दहा-वीस टक्केच आणि तरीही काम अडत असेल, तर एसएसडीने काही होणार नाही. कारण इंटरनेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये शोधा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी वेबसाइट अडकते ती कोणत्याही ड्राइव्हने सुटत नाही.

त्याच बैठकीत क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून चारही हार्ड डिस्कची तब्येत बघा. ०५ आणि सी५ या दोन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेल्या जागा. शेवटच्या रकान्यात दोन्हींपुढे नुसती शून्यं हवीत. सी५ पुढे काहीही आकडा असेल तर एसएसडीचा विचार बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा डेटा बाहेर काढा, त्याच दिवशी. अशी डिस्क क्लोन करायला, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर काढायला घेतली की खराब जागेवर अडकून तासन्‌तास घासत राहते आणि त्या घासण्यातच मरते. ग्राहकांची वर्षानुवर्षांची वह्या-पुस्तकं त्यावर आहेत, हे विसरू नका.

खर्चाचा हिशेब मी असा मांडतो. समजा ऑफिसमधल्या सहायकाचा पगार महिना १५,००० आहे. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला ७२ रुपये. सकाळची पाच मिनिटं, दिवसभरात टॅली-एक्सेलची थांबाथांब, दुपारी एकदा मशीन हँग होऊन पुन्हा चालू करणं, असं मिळून रोज वीस मिनिटं वाया जात असतील तर ते रोजचे २४ रुपये. साडेतीन हजारांचा एसएसडी १४६ कामाच्या दिवसांत वसूल होतो, साडेपाच महिने. भाव दुप्पट झाला तरी वर्षाच्या आत पैसे सुटतात. तुमच्या ऑफिसातली वीस मिनिटं दहा असतील किंवा चाळीस. दोन दिवस घड्याळ लावून बघा आणि तुमचा आकडा घाला. याच रीतीने जेन४ चा जादा खर्च मोजा. विंडोज सुरू व्हायला पंधरा सेकंदांऐवजी बारा लागले, एवढीच बचत. तीन सेकंदांचे पैसे कधी वसूल होणार?

भावांबद्दल एक सांगायला हवं. २०२५ च्या मध्यापर्यंत नावाजलेल्या कंपनीचा ५०० जीबीचा साटा एसएसडी तीन ते साडेतीन हजारांत आणि १ टीबीचा एनव्हीएमई पाच-सहा हजारांत मिळत होता. त्या वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅम व फ्लॅश चिप दोन्हींचे भाव चढले. म्हणून जुन्या भावावर अडून बसू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या काउंटरवर विचारा आणि ऑनलाइनचा भावही बघा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. तुम्हाला त्याचं इनपुट क्रेडिट मिळत असेल तर हिशेब आणखी हलका होतो, आणि वॉरंटीच्या वेळी तेच बिल कामाला येतं.

जुन्या मशीनवर पैसे का घालायचे, ही शंका मात्र योग्य आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदतीच्या सुरक्षा सुधारणांची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं, त्यामुळे चौघांपैकी फक्त तिसरा डेस्कटॉप त्यात बसतो. ग्राहकांचे पॅन, बँक खाती, पासवर्ड ज्या मशीनवर आहेत ते सुरक्षा सुधारणांशिवाय वर्षानुवर्षं नेटवर ठेवणं मला मान्य नाही. म्हणजे तीन मशीनं आज ना उद्या बदलणारच आहेत. तरीही मी त्यांत एसएसडी टाका म्हणतो, कारण साटा एसएसडी काढून पुढच्या डेस्कटॉपला लावता येतो. आजचे बोर्डही साटा जोड देतात. तो पैसा जुन्या मशीनबरोबर भंगारात जात नाही. चौथ्या पिढीच्या बोर्डाला डीडीआर३ रॅम लागते, ती मात्र पुढे कशातच बसत नाही. म्हणून त्या दोघांत नवी रॅम अजिबात घेऊ नका, ८ जीबीवर ते काम निभावून नेतील. चारही मशीनं एकदम बदलण्याऐवजी वर्षाला एक अशी बदलता आली तर तुमच्या खिशालाही ते झेपेल.

टॅलीचा डेटा सध्या जुन्या डेस्कटॉपवर आहे, तो तिसऱ्यावर हलवा. पहिला एसएसडी याच मशीनला, आणि जास्त काळजीने निवडलेला. सगळे ज्या डिस्कवर लिहितात ती वेगवान झाली की चारही टेबलांना एकदम सुख लागतं. मात्र मधल्या स्विचकडे बघा. जुना १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला बारा एमबीच्या वर काही जाणार नाही, एसएसडी कोणताही असो. गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात येतो आणि शंभरच्या वर नेतो. केबलच्या अंगावर कॅट५ई किंवा कॅट६ असं छापलेलं हवं. आणि एकच मशीन १०० वर अडलेलं दिसलं तर बहुतेक वेळा त्या केबलच्या टोकाची एखादी पिन बसलेली नसते. टोक कापून नवा क्लिप लावा.

लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम दोन्ही लागतील, एकाने भागणार नाही. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडले की रॅम संपते. तो ताण हार्ड डिस्कऐवजी एसएसडीवर गेला तर सुसह्य होतो, पण एसएसडीवर विनाकारण लिखाण वाढतं. आणखी ४ जीबीची पट्टी टाका. या मॉडेलांत बहुधा डीडीआर४ असते, पण काहींत डीडीआर३एल, आणि काहींत एकच खाच. मागचं झाकण काढून पट्टीवरचं लेबल वाचूनच दुकानात जा. नव्या पट्टीचा भाव डोळे पांढरे करणारा असेल तर विश्वासातल्या दुरुस्तीवाल्याकडे काढलेली जुनी पट्टी चालते. रॅम हा भाग वापरल्याने झिजत नाही. जुना एसएसडी मात्र मी कधीच घ्यायला सांगणार नाही. जाता जाता, ज्यांच्या स्वस्त लॅपटॉपवर ईएमएमसी लिहिलेलं आहे त्यांची साठवण बोर्डालाच डाखलेली असते. ती बदलता येत नाही, तिथे खर्च करू नका.

कोणता घ्यावा? साटामध्ये सॅमसंग ८७० ईव्हो, डब्ल्यूडी ब्लू, आणि शिल्लक साठ्यात मिळाला तर क्रुशियल एमएक्स५००, ही वरची फळी. किंग्स्टन ए४००, आणि शिल्लक असेल तर क्रुशियल बीएक्स५००, ही स्वस्तातली. फरक मुख्यतः टिकाऊपणात आणि सतत लिहिताना राहणाऱ्या वेगात. स्वस्त ड्राइव्हमध्ये स्वतःची रॅम नसते. चिपचा काही भाग तात्पुरत्या वेगवान लिखाणासाठी राखलेला असतो. तो भरला की वेग धाडकन पडतो, काही ड्राइव्हवर हार्ड डिस्कच्याही खाली. पन्नास-शंभर जीबी एकदम ओतणाऱ्याला ते टोचतं. तुमच्या दोन जुन्या डेस्कटॉपवर डेटा राहणारच नाही, तिथे स्वस्तातला २४०-२५६ जीबीचा पुरेल. डेटाच्या मशीनला वरच्या फळीतला ५०० जीबी घ्या. लॅपटॉपलाही ५००, कारण तो बाहेर जातो आणि त्यावर स्कॅन साठत जातात. कुठलाही ड्राइव्ह गच्च भरू नका, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या.

एसएसडी लिहून लिहून संपतो, ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते. तिचंही गणित मांडता येतं. एमएक्स५०० च्या ५०० जीबीला कंपनी १८० टीबी लिखाणाची हमी देते, बीएक्स५०० च्या २४० जीबीला ८० टीबीची. ऑफिसचं मशीन दिवसाला २० जीबी लिहितं असं अगदी सढळ हाताने धरलं तरी वर्षाला ७.३ टीबी. पहिल्याला चोवीस वर्षं, दुसऱ्याला अकरा. त्याआधी तुमचं मशीनच बदललेलं असेल. एसएसडी मरतात ते बहुधा दुसऱ्याच कारणाने: आतला कंट्रोलर अचानक बंद पडतो. हार्ड डिस्क आधी कुरकुरते, टकटक करते, फाइली अडकवते, म्हणजे सूचना तरी देते. एसएसडी काल चालू होता, आज बायॉसमध्ये दिसतच नाही, असं होतं. आणि पुसलेली जागा तो स्वतःहून साफ करत असल्याने रिकव्हरीवाल्याच्या हातीही फारसं काही लागत नाही. माझा बॅकअपचा आग्रह यासाठीच आहे. त्याकडे पुढे येतो.

'२ टीबी पोर्टेबल एसएसडी, ९९९ रुपये' असल्या जाहिरातींना भुलू नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि संगणकाला खोटी क्षमता सांगितलेली असते. ठरावीक मर्यादेपर्यंत फाइली नीट जातात, पुढच्या जुन्यांवरच लिहिल्या जातात. वरवर सगळी नावं दिसतात, उघडायला गेलं की फाइल खराब. ऑनलाइन घेतलेला कोणताही ड्राइव्ह आल्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण परत करायची मुदत असतानाच खोटेपणा उघडा पडतो.

एनव्हीएमईचे पैसे कोणी मोजावेत, हेही सांगतो. बोर्डावर चांगली एम.२ खाच असेल आणि भाव साटाइतकाच असेल तर घ्या, का घेऊ नये! नव्या लॅपटॉपमध्ये तर तोच असतो. फोर के व्हिडिओ एडिट करणारे, मोठमोठ्या फाइली एका वेगवान ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवणारे, यांना त्याचा खरा उपयोग. लग्नाचे फोटोग्राफर मला नेहमी विचारतात, कार्ड रिकामं करायला जेन४ ने वेळ वाचेल का? नाही वाचणार. नेहमीचं यूएचएस-१ जातीचं मेमरी कार्ड साध्या रीडरवर सेकंदाला १०४ एमबीच्या वर देत नाही. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड ९० च्या वेगाने चोवीस मिनिटं घेणारच, पलीकडे साटा असो वा जेन५. त्यांनी पैसे कार्डात आणि रीडरमध्ये घालावेत.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण क्रम पाळा. दोन जुने डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांना मी क्लोन करीन. त्यांवर सेट झालेले प्रिंटर, स्कॅनर, डीएससी (डिजिटल सही) टोकनचे ड्रायव्हर, जीएसटीच्या सहीसाठीचा एमसाइनर हे सगळं पुन्हा उभं करण्यात एका मशीनमागे अख्खा दिवस जातो. तिसऱ्या डेस्कटॉपवर मात्र विंडोज ११ नव्याने टाका. बायॉसमध्ये यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि इंटेलचा पीटीटी हा पर्याय चालू केला की टीपीएमची अट पुरी होते. डिस्कला हात लावण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, नव्या विंडोजवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. ही पायरी राहून गेली की लायसन्स पुन्हा मिळवण्यात आणखी वेळ जातो. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर क्लोनआधी तो थांबवा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

१ टीबीची डिस्क ५०० जीबीच्या एसएसडीवर क्लोन होते का? त्यातला वापरलेला भाग एसएसडीत मावत असेल तर होते. आधी जुने स्कॅन, डाउनलोड बाजूला काढून तो साडेतीनशेच्या खाली आणा, म्हणजे नव्या ड्राइव्हवर मोकळी जागाही राहते. एसएसडी यूएसबीच्या जोडणीने लावा, क्लोन करा, मशीन बंद करा. मग जुनी डिस्क काढून ठेवा आणि पहिल्यांदा एकट्या एसएसडीवरच सुरू करा. दोन्ही एकत्र जोडल्या तर दोघींची ओळख एकच असते, विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा जुनीवरूनच सुरू होतं, आणि तुम्हाला वाटतं एसएसडीने काही फरकच पडला नाही. जुन्या डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये साटा मोड आयडीई (डिस्कशी बोलण्याची जुनी रीत) असेल तर एएचसीआय (नवी रीत) हवा. पण सरळ बदलला की निळा पडदा येतो. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सोयीतून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग सेफ बूट काढा.

दुकानातून येताना डेस्कटॉपसाठी साटा केबल वेगळी मागून घ्या, एसएसडीच्या खोक्यात ती नसते. एसएसडी कॅबिनेटमध्ये बसवायच्या पट्टीचा खर्च वाचवला तरी चालेल. आत काही फिरत नसल्याने एसएसडी कॅबिनेटमध्ये दोन स्क्रूंवर किंवा चांगल्या टेपवरही सुखाने राहतो. लॅपटॉपची बॅटरी बोर्डावरून सोडवल्याशिवाय आत हात घालू नका. बसवल्यावर विंडोजच्या डिफ्रॅगमेंट आणि ऑप्टिमाइझच्या पानावर ड्राइव्हपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं दिसतंय का बघा. दिसत असेल तर बाकी देखभाल विंडोज आपली आपण करतं. 'एसएसडीचा वेग वाढवा' म्हणणारी कुठलीही सॉफ्टवेअरं टाकू नका.

राहिला बॅकअप. तब्येत चांगली निघालेली १ टीबीची लॅपटॉप डिस्क काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घाला. टॅलीचा आणि ग्राहकांच्या फोल्डरचा रोजचा बॅकअप त्यावर. तिसऱ्या डेस्कटॉपमधून निघालेली ३.५ इंची डिस्कही वेगळ्या वीजपुरवठ्याच्या केसिंगमध्ये चालते, तिच्यावर आठवड्याचा बॅकअप घेऊन ती ऑफिसबाहेर ठेवा. आग, चोरी, खंडणी मागणारा व्हायरस, यांतून वाचवणारी हीच प्रत. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नका. झिजलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात वर्षभर डेटा धरून ठेवावा, एवढीच जेडेकच्या (चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकाची अपेक्षा आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा ३० वर थांबत नाही. डेटाच्या मशीनला यूपीएस हवाच. लिहिता लिहिता लाइट गेली तर साध्या एसएसडीचा आतला नकाशा बिघडू शकतो, कारण महागड्या सर्व्हर ड्राइव्हमध्ये असते तशी क्षणभर वीज धरून ठेवण्याची सोय यांत नसते.

बाकीच्या जुन्या डिस्क महिनाभर तशाच ठेवा, काही राहिलं असेल तर कळेल. नंतर ज्या भंगारात जायच्या असतील त्या आधी पुसा. ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे कागद असलेली डिस्क नुसती क्विक फॉरमॅट करून देणं म्हणजे ते कागदच देऊन टाकणं. फॉरमॅटच्या खिडकीत क्विक फॉरमॅटपुढची खूण काढा, मग विंडोज त्या विभागाच्या पूर्ण जागेवर शून्यं लिहितं; डिस्कचे विभाग पाडलेले असतील तर प्रत्येकाला हेच करा. १ टीबीला दोन-तीन तास लागतील, रात्री लावून ठेवा. जी डिस्क चालूच होत नाही, ती उघडून आतल्या तबकड्या फोडूनच द्या.